सातवी दोरी

दोरी सुतीच हवी. नायलॉनची चालत नाही, तिच्यात लाळ मुरत नाही. बोटाएवढी जाड, वीतभर लांब आणि दोन्ही टोकांना गाठ, म्हणजे चावताना ती उसवत नाही. दर सोमवारी दुपारी पगारे सर प्रयोगशाळेच्या खिडकीशी बसून अशा दोऱ्या कापत. त्यांची विद्यार्थिनी अपेक्षा त्या गुळाच्या पाण्यात भिजवून, वाफेवर निर्जंतुक करून पिशवीत भरी आणि मंगळवारी पहाटेच्या गाडीने अजिंठ्याच्या डोंगराकडे निघे. वानरांना गूळ आवडतो. ती दोरी चघळतात आणि गोडी संपली की टाकून देतात. टाकलेली दोरी उचलायची, नळीत घालायची, झाकण लावायचं. वानराला पकडायचं नाही, सुई टोचायची नाही. माणसाने लांब उभं राहायचं.

सर कात्रीने दोरी कापत, पण शेवटचा चिवट धागा हमखास दाताने तोडत. वडील बेगमपुऱ्यात कपडे शिवायचे, त्यांची ही सवय. अपेक्षा पलीकडच्या टेबलावरून ओरडे, "सर, तोंड!" सर ओशाळून ती दोरी बाजूला टाकत. तोंड लागलेली दोरी बाद.

निवृत्तीला अकरा वर्षं झाली होती. विभागाने सोय म्हणून एक खुर्ची ठेवली होती आणि अपेक्षा वाहूळ ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी होती. दुसरा कोणी मार्गदर्शक मिळाला नाही म्हणून ती आपल्याकडे आली, असं सरांना मनातून वाटे. तसं ती कधी म्हणाली नव्हती.

तिचा विषय होता वानरांमधला रेट्रोव्हायरस. हा विषाणू शरीरात शिरला की स्वतःचा मजकूर पेशीच्या मूळ मजकुरात लिहून टाकतो. एकदा लिहिला की तो निघत नाही. तिला जो सापडला होता, त्याला फेसाळ विषाणू म्हणतात, कारण त्याची लागण झालेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली साबणाच्या फेसासारख्या दिसतात. वानराला त्याचा काही त्रास नसतो. दोघं लाखो वर्षं सोबत राहिले आहेत आणि इतक्या वर्षांत विषाणू अगदी सावकाश बदलत आला आहे. लाळेतून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. अजिंठ्याच्या टोळीतला विषाणू शोधायचा, त्याच्या हजार अक्षरांचा एक तुकडा वाचायचा आणि तो कोणाचा कोण, हे मांडायचं, एवढंच काम होतं.

पहिल्या महिन्यात अपेक्षाने एक गंमत सांगितली. वाघूर नदीजवळ वनखात्याची रोपवाटिका आहे, तिथे एक जुना पाण्याचा हौद आहे. वानरं दोऱ्या चघळून इकडेतिकडे टाकत नाहीत. हौदाच्या काठावर आणून ठेवतात, एका ओळीत.

"तिथला राखणदार ठेवत असेल," सर म्हणाले.

"मी समोर उभी होते, सर."

सर हसले आणि विसरून गेले. अपेक्षाने मात्र काठावरच्या क्रमानेच नळ्यांना आकडे टाकायचे ठरवले. सहाव्या आणि सातव्या दोरीमध्ये दर वेळी हातभर जागा सुटे. एखादी दोरी हौदात पडली असावी असं समजून तिने तिथे सातचा आकडा रिकामा ठेवला. म्हणजे बारा वानरं, तेरा आकडे.

जानेवारीच्या शेवटी पुण्याच्या प्रयोगशाळेतून विषाणूंचं वाचन आलं. अपेक्षाने कागद सरांपुढे ठेवला.

पहिल्या दोरीतल्या विषाणूपेक्षा दुसरीतला एका अक्षराने वेगळा होता. दुसरीपेक्षा तिसरी एका अक्षराने. तिसरीतला बदल चौथीत तसाच टिकून, वर आणखी एक. असं तेराव्यापर्यंत. फक्त सहा आणि आठच्या मध्ये दोन अक्षरांचा फरक होता, जणू मधली एक पायरी गाळली होती. आठ मंगळवारांचे नमुने होते आणि आठही वेळा हेच.

सरांनी कागद पुन्हा वरून खाली वाचला. विषाणू असे शिस्तीत बदलत नाहीत. एका टोळीत एक-दोन प्रकार असतात, फांद्या फुटतात, काही फांद्या वाळतात. ही फांदी नव्हती. ही शिडी होती, आणि वानरांनी ज्या क्रमाने दोऱ्या ठेवल्या त्याच क्रमाची. असे आकडे एकाच ठिकाणी तयार होतात, रात्री घरी बसून, वहीत.

अठरा वर्षांपूर्वी प्रणय नावाच्या विद्यार्थ्याचे आकडेही असेच सुबक होते. भर सभेत सर उठून म्हणाले होते, "हे मला खरे वाटत नाहीत." आयुष्यात एकदाच ते तसे उठून बोलले होते. प्रणयने आठवड्याभरात नाव काढून घेतलं. दोन वर्षांनी दुसऱ्या एका देशातल्या प्रयोगशाळेला तेच आकडे मिळाले. सरांनी त्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

आता अपेक्षाच्या नोंदणीची मुदत एकतीस मार्चला संपत होती. सरांच्या सहीशिवाय प्रबंध जाणार नव्हता. खोट्यावर सही केली तर स्वतःला तोंड दाखवता येणार नाही. सही नाकारली आणि ते खरं निघालं, तर दुसरं आयुष्य आपल्या हातून गेलं. सर चार दिवस तो कागद खिशात घेऊन फिरले.

"हे फार सुबक आहे," शेवटी ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे... निसर्ग एवढा सुबक नसतो."

अपेक्षाने हातातल्या डब्याचं झाकण लावलं. "सर, तुम्ही विचारत नाही आहात. पण विचारताय."

सर चष्मा पुसत राहिले.

"फुलंब्रीहून रोज येते मी. गाडीत उभी राहून. सहा वर्षं. खोटंच लिहायचं असतं तर घरी पंख्याखाली बसून लिहिलं असतं ना?" तिने डबा कपाटात ठेवला. "तुम्ही स्वतः जा, सर. कधी जाताय ते मला सांगूही नका."

सर गेले. फेब्रुवारीतला एक गुरुवार होता. सिल्लोडपर्यंत रस्ता चांगला होता, घाटात गुडघे दुखू लागले. रोपवाटिकेच्या फाटकाशी एक काळासावळा, पांढऱ्या मिशांचा माणूस पाइपने रोपांना पाणी घालत होता. तो राखणदार कडुबा.

"तुमी सर व्हय? ताई म्हणली व्हती, कवातरी येतील. लई भित्रे हायेत म्हणे."

"कोण, वानरं?"

"नाय, तुमी."

सरांना हसू आलं. कडुबाने बसायला पालथी बादली दिली. "नाव काय म्हनायचं?"

"पगारे."

"ते झालं आडनाव."

सर अडखळले. दारावरच्या पाटीवरही त्यांनी नुसतं एस. डी. लिहिलं होतं. "सांडू."

"आत्ता गं बया! सांडू अन् कडुबा! पोरं जगत नव्हती म्हनून आईबापानं दोघालाबी टाकाऊ नाव ठिवलं अन् यमाला फशिवलं." कडुबा मनापासून हसला. "पर हे नाव तं आमच्याच भागातलं. तुमी इथले का?"

"नाही. जन्म बेगमपुऱ्यातला."

"अन् त्याच्या आधी?"

त्याला आजोबा-पणजोबांबद्दल विचारायचं असणार. सरांना त्यांच्याबद्दल काही माहीत नव्हतं. "ठाऊक नाही," ते म्हणाले. कडुबाने मान हलवली आणि पाइप पुढच्या वाफ्यात सोडला.

सरांनी दोरीचं नवं बंडल आणलं होतं. अपेक्षाने हात लावलेली कुठलीच वस्तू त्यांना नको होती. हातमोजे घालून त्यांनी बारा दोऱ्या कापल्या आणि गुळाच्या पाण्यात सोडल्या. जास्तीची म्हणून तेरावी कापताना धागा तुटेना. त्यांनी नकळत दात लावला. मग स्वतःवरच चरफडत ती कोरडी दोरी पिशवीशेजारच्या दगडावर टाकली.

वानरं नऊच्या सुमाराला आली. आधी पिंपळाची पानं हलली, मग लांब शेपट्या दिसल्या, मग काळी तोंडं. बरोबर बारा. आवाज अजिबात नव्हता. कडुबाने दोऱ्या फेकल्या आणि तो दूर जाऊन उभा राहिला. वानरं बसून चघळू लागली. सरांनी घड्याळात पाहिलं. चोवीस मिनिटं गेली.

मग त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी मादी उठली. तिच्या भुवयांचे केस पांढरे झाले होते. कडुबा तिला थोरली म्हणत असे. तिने हौदाच्या काठावर आपली दोरी ठेवली आणि बाजूला झाली. तिच्यामागून एकेक आलं. कोणी घाई केली नाही, कोणी कोणाला ढकललं नाही. आईच्या पोटाशी बिलगलेलं सहा महिन्यांचं पिल्लू होतं, त्याची ओली दोरी आईने त्याच्या हातातून घेऊन त्याच्या जागी ठेवली. काही जागा आधी भरल्या, काही नंतर. तरीही शेवटी ओळ सरळ होती आणि मध्ये हातभर अंतर.

"हे कधीपासून करतात?" सरांनी विचारलं.

"ताई दोऱ्या आनती तवापासून दोऱ्या. त्याच्या आधी चिंचा ठिवायचे. माझ्या बापाच्या टायमालाबी ठिवायचे. जागा तेवढ्याच."

"आणि ती मधली?"

"ती रिकामीच ऱ्हाती. म्या एक डाव गमतीनं तिथं चिंच ठिवली. थोरलीनं उचलली अन् भिरकावली पार नदीत."

थोरली पुन्हा खाली उतरली होती. ती सरळ सरांच्या दिशेने आली. सर बादलीवरून हलू शकले नाहीत. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. दगडावरची दाताने तोडलेली दोरी तिने दोन बोटांनी उचलली. तोंडाला लावली नाही, हुंगलीही नाही. ती घेऊन ती हौदापाशी गेली आणि सहाव्या-आठव्याच्या मधल्या जागेत तिने ती ठेवली. मग गाठीचं टोक बाकीच्यांच्या रेषेत यावं म्हणून किंचित सरकवली.

कडुबाने पाइप बंद केला.

सरांनी तेरा दोऱ्या तेरा नळ्यांत घातल्या. कागदाचे तेरा कपटे करून, डोळे मिटून एकेक उचलला आणि त्यावरचं चिन्ह नळीवर लिहिलं. कोणती नळी कितव्या जागेची हे फक्त त्यांच्या खिशातल्या वहीत होतं. नळ्या त्यांनी पुण्याला न पाठवता हैदराबादला पाठवल्या.

तीन आठवड्यांनी निकाल आला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून सरांनी चिन्हांपुढे आकडे लिहिले. एक, दोन, तीन. प्रत्येक पायरी एका अक्षराची. शिडी तशीच होती.

म्हणजे मुलगी खरं बोलत होती. सर उठले, पाणी प्याले, पुन्हा बसले. सातवा नमुना त्यांनी शेवटी ठेवला होता.

सहा आणि आठच्या मधली गाळलेली पायरी सातव्यात होती. अक्षर न् अक्षर जुळत होतं. खाली प्रयोगशाळेने एक टीप जोडली होती. या नमुन्यात वानराची एकही पेशी आढळली नाही. सर्व पेशी मानवी. नमुना दूषित झाला असल्याची शक्यता तपासावी.

त्यांनी तपासलं. स्वतःच्या गालाच्या आतून कापूस फिरवून तो खोट्या नावाने तिसऱ्याच ठिकाणी दिला. उत्तर तेच आलं. त्यांना कधी माकड चावलं नव्हतं. लहानपणी मदारी गल्लीत आला की ते आईच्या पदराआड लपत.

त्या दुपारी त्यांनी हिशेब मांडला. हजार अक्षरांत एक अक्षर बदलायला अंदाजे पन्नास-साठ हजार वर्षं लागतात. तेरा जागा म्हणजे सात लाख वर्षं. एका सकाळी एका हौदाच्या काठावर सात लाख वर्षं ओळीने ठेवलेली होती, आणि ठेवणाऱ्यांना कोणी कुठे बसायचं हे ठाऊक होतं. आठव्या जागेवरचं पिल्लू सहा महिन्यांचं. त्याच्या तोंडातला मजकूर ज्या मजकुरावरून उतरला होता, तो आपल्या तोंडात आहे. सरांनी जीभ दातांवरून फिरवली. आयुष्यभर आपण कुठल्याच खोलीत पुरेसे बसत नाही असं त्यांना वाटत आलं होतं. लग्नात, सभांमध्ये, विभागातही. भीती वाटायला हवी होती. पण डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते भीतीचं नव्हतं.

मग त्यांच्या मनात आलं, बाराच दाखवावेत. बारा दाखवले तर लोक थक्क होतील. सातवाही दाखवला तर म्हणतील, म्हाताऱ्याने दोरी तोंडात घातली आणि विद्यार्थिनीचं काम नासवलं. एक ओळ गाळायची, बस. आणि लगेच त्यांना कळलं की ज्या गोष्टीचा आपण तिच्यावर संशय घेतला, तीच आता आपण करायला निघालो आहोत.

त्यांनी अपेक्षाला सगळं सांगितलं. आधी माफी मागितली, मग कागद दिला. तिने तो दोनदा वाचला.

"सातवा काढून टाका, सर. कोणी विश्वास ठेवणार नाही."

"तू तुझे बारा खरे लिहिलेस. मी माझा एक खोटा कसा करू?"

"लोक हसतील तुम्हाला."

"हसू देत."

तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हाला आता आभारात घालायचं का निष्कर्षात?"

सरांना इतकं हसू आलं की चष्मा काढावा लागला. त्यांनी प्रबंधाच्या प्रमाणपत्रावर तेरा नमुन्यांसकट सही केली. तारीख होती एकोणीस मार्च. परीक्षकांना दाखवायला त्या ओळीचा व्हिडिओ हवा, असं अपेक्षाचं म्हणणं पडलं, म्हणून मंगळवारी दोघं बरोबर निघाले.

कडुबा फाटकातच उभा होता. "आज दोऱ्या नगा टाकू," तो म्हणाला. "सकाळपासनं बसलेत."

वानरं हौदाच्या काठावर स्वतःच बसली होती. एका ओळीत, पाय खाली सोडून, शेपट्या मागे पाण्यावर. सहा इकडे, सहा तिकडे. मध्ये एका माणसाला पुरेल एवढी जागा.

अपेक्षाने मोबाइल वर धरला. "सर, मी घेतेय. तुम्ही पुढे जाऊ नका."

सर पुढे गेले. पाय आपोआप पडत होते असं नाही. प्रत्येक पाऊल त्यांनी स्वतः टाकलं. काठ उन्हाने कोमट झाला होता. ते बसले.

कोणी दचकलं नाही. कोणी सरकलं नाही. डावीकडून थोरलीचा श्वास ऐकू येत होता. ती सहावी होती, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. उजवीकडून पिल्लाने आपला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. हात लहान, काळा आणि गरम होता.

थोरली त्यांच्या केसांतून बोटं फिरवू लागली. सावकाश, बट वेगळी करत, जसं आपल्या माणसाचं करतात. गुडघ्यातली कळ थांबली होती. नदीचा आवाज येत होता. इतकं गप्प, इतकं भरून आलेलं मन त्यांनी कधी अनुभवलं नव्हतं.

मग त्यांनी उजवीकडे पाहिलं.

तेराव्या जागेवर एक तरणी मादी होती. तिच्यापलीकडे जागा उरायला नको होती, कारण काठ तिथेच संपत होता.

पण ती मादी मधल्या बाजूला सरकली होती. आपल्यापलीकडे तिने चौदावी जागा केली होती.

बाराही वानरं अपेक्षाकडे पाहत होती.

अपेक्षाने मोबाइल खाली ठेवला. तो गवतात आभाळाकडे तोंड करून पडला. ती दोन पावलं पुढे आली होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. सरांच्या चेहऱ्यावर मघाशी जे असणार, ते होतं.

"ताई," कडुबा फाटकाशी म्हणाला. 

"सर," अपेक्षाने हळूच विचारलं, "मी बसू का?"

सरांना नको म्हणायचं होतं. इथे बसलं की उठावंसं वाटत नाही, हे त्यांना कळलं होतं, आणि तिला आयुष्यात अजून सगळं करायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं.

बाराही माना एकदम वळल्या. पहिल्यांदाच ती सगळी त्यांच्याकडे पाहत होती.

केसांतली बोटं थांबली.